पाटीची उंची आणि बाकाची जागा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

ऐतिहासिक वास्तूंचे खाते आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. माझी मागणी लहान आहे आणि तिला फारसा खर्चही येणार नाही. ज्यांची नावे पर्यटनाच्या पुस्तिकांत येत नाहीत आणि जी घरापासून तासाभराच्या अंतरावर असूनही बहुतेकांनी आतून पाहिलेली नसतात, अशा जवळपासच्या संरक्षित स्थळांची व्यवस्था करताना लहान मूल आणि त्याच्यासोबत आलेले आजी किंवा आजोबा या जोडीचा विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे. माझ्या अनुभवात सुट्टीच्या दिवशी अशा ठिकाणी सर्वांत जास्त वेळ थांबणारे लोक हेच असतात. व्यवस्था मात्र सुदृढ गुडघ्यांच्या, एकट्या आणि सरकारी भाषा सहज वाचणाऱ्या प्रौढ माणसासाठी केलेली दिसते.

गेल्या सुट्टीत माझ्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन मी एका जुन्या तटबंदीच्या दरवाजापाशी गेले होते. दाराच्या फळ्या केव्हाच नाहीशा झालेल्या, उरली आहे ती दगडी चौकट. मी कमानीकडे पाहत असताना त्याला उजव्या भिंतीत, त्याच्या छातीच्या उंचीवर, एक चौकोनी भोक सापडले. त्याने हात घातला, कोपर आत गेले, मग खांदा टेकला, तरी तळ लागेना. समोरच्या भिंतीत नेमक्या त्याच उंचीवर तसेच भोक होते, पण ते जेमतेम वीतभर खोल. "आजी, एक एवढं खोल आणि एक एवढंसंच का?" या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. मी एका पडक्या दगडावर टेकले, आणि मग लहानपणी पाहिलेला अडसर आठवला. दार उघडे असताना ती जाड तुळई अख्खी खोल भोकात सरकवून ठेवायची, दार लावले की ओढून काढायची आणि तिचे टोक समोरच्या उथळ भोकात बसवायचे. हे सांगितल्यावर पुढचा अर्धा तास तो आधी पहारेकरी झाला, मग शत्रू झाला आणि शेवटी स्वतःच अडसर झाला.

त्या दरवाजाशेजारी खात्याची पाटी आहे. ती जमिनीपासून सहा फुटांवर लावलेली आहे आणि अमुक कायद्यान्वये ही वास्तू संरक्षित असून तिला हानी पोहोचवणारी व्यक्ती कारावासाच्या किंवा दंडाच्या शिक्षेस पात्र राहील, असा मजकूर तिच्यावर आहे. वास्तू कधीची, कोणी बांधली, कशासाठी बांधली, याबद्दल एक अक्षर नाही, मग भिंतीतल्या भोकाबद्दल कुठून असणार? मी नोकरीची तीस वर्षे सरकारी पत्रव्यवहारात काढली आहेत. असले मसुदे मी स्वतः केलेले आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण एका आठ वर्षांच्या मुलाला त्या जागेने पहिली ओळख म्हणून तुरुंगाची भीती घालावी, हे मला बरे वाटले नाही.

मुलांना काय दिसते, याचे एक उदाहरण पुराणवस्तुशास्त्राच्या इतिहासातच आहे. स्पेनच्या उत्तरेकडील अल्तामिरा गुहेत १८७९ साली मार्सेलिनो सान्स दे साउतुओला हे हौशी संशोधक खाली मान घालून जमीन उकरत होते. त्या गुहेत ते आधीही येऊन गेले होते. या खेपेला बरोबर आलेल्या मारिया या त्यांच्या लहान मुलीने वर पाहिले, आणि छतावर अश्मयुगीन माणसाने रंगवलेले बायसन (रानगव्यासारखे प्राणी) तिला दिसले. तज्ज्ञांनी ती चित्रे खोटी ठरवली. विरोधकांतले एक प्रमुख, एमिल कार्तेलाक यांनी १९०२ साली आपली चूक छापून कबूल केली, तेव्हा साउतुओला यांना जाऊन चौदा वर्षे झाली होती. प्रत्येक नातवंड मारिया असते असा माझा दावा नाही. (माझ्या नातवाला त्याच भेटीत सर्वांत जास्त आवडला तो एक सरडा.) पण मुलाची नजर मोठ्यांहून वेगळ्या जागी पडते, हे पाटी लावणाऱ्याने लक्षात घ्यावे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेसाठी काम केलेले फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली वारसास्थळे लोकांना समजावून देण्याची सहा तत्त्वे मांडली. त्यांतले शेवटचे तत्त्व साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांविषयी आहे. मोठ्यांसाठी केलेले निवेदन पातळ करून मुलांना देऊ नये, त्यांच्यासाठी मुळातच वेगळी रीत वापरावी, असे ते सांगते. म्हणून मी मागते ती पाटी म्हणजे मोठ्या पाटीचा सोपा सारांश नव्हे. ती अडीच-तीन फुटांवर असावी, तिच्यावर चार-पाच वाक्ये असावीत आणि त्यांतले एखादे वाक्य मुलाला काहीतरी शोधायला लावणारे असावे. "या भिंतीतील दोन भोके शोधा. कोणते जास्त खोल आहे?" एवढे वाक्य पुरे, उत्तर पाटीच्या मागच्या बाजूला छापा. मधला वेळ आजी-आजोबांचा.

याच वेळासाठी बाक हवे. ते तिकीट खिडकीजवळ नको, जिथून वास्तूचा बराचसा भाग दिसतो तिथे, सावलीत हवे. मुलाने पळत जाऊन पाहून यावे, परत येऊन विचारावे, पुन्हा पळावे, आणि मोठ्याने एका जागी बसून त्याच्यावर लक्ष ठेवावे, अशी ही भेट चालते. बाक जुन्या बांधकामात खिळे ठोकून किंवा सिमेंट ओतून बसवू नये, ते सुटे आणि हलवता येण्याजोगे असावे. सेल्फी पॉइंट आणि रंगीत दिव्यांवर होणाऱ्या खर्चाचा लहानसा हिस्साही याला पुरेल असे मला वाटते.

तिसरी गोष्ट माणसाची. नातवाचा हात भोकात पाहून तिथल्या पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली होती. काय चालले आहे ते सांगितल्यावर मात्र त्यानेच आम्हाला उंबऱ्यापाशी नेले आणि दाराचे खालचे टोक फिरून फिरून दगडात पडलेला वाटीएवढा खळगा दाखवला. "कोणी विचारत नाही," तो म्हणाला. ज्याला इतके माहीत आहे, त्याच्याकडे खात्याने फक्त शिट्टी द्यावी? अशा कर्मचाऱ्यांना थोडे प्रशिक्षण द्या, आणि बोलण्याची लेखी मुभा द्या.

हे सारे लहानसहान स्थळांसाठी कशाला, असा शेरा फाइलवर येईल, हे मी अनुभवाने जाणते. त्याचे उत्तर स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या पहिल्याच कलमात आहे. थोर कलाकृतींइतकेच, काळाच्या ओघात सांस्कृतिक महत्त्व आलेल्या साध्यासुध्या वास्तूंनाही ऐतिहासिक स्मारकाची व्याख्या लागू होते, असे ते कलम सांगते. शिवाय मूल आयुष्यातली पहिली जुनी वास्तू बहुधा जवळचीच पाहते. जागतिक वारसा यादीतले स्थळ त्याच्या वाट्याला पुढे कधीतरी येईल. शाळेची सहल हा यावरचा उपाय होऊ शकत नाही, कारण साठ मुलांच्या रांगेत भोकात हात घालायला कोणाला थांबता येत नाही.

सोबतच्या मोठ्यांना धोरणात जागा देणे अवघड नाही. अमेरिकेत २०१५ साली चौथीच्या मुलांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास सुरू झाला, तेव्हा त्या पासवर बरोबरच्या कुटुंबीयांनाही आत जाता येत होते. युरोपात एरवी बंद असणाऱ्या वास्तू ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडण्याची प्रथा फ्रान्सने १९८४ मध्ये सुरू केली आणि नंतर ती खंडभर पसरली. आपल्याकडेही १८ एप्रिल हा स्मारकांचा आंतरराष्ट्रीय दिवस आहेच. त्या दिवशी भाषणे होऊ द्या, पण एकेक कुलूपबंद दालनही उघडा.

एक मर्यादा मान्य करते. काही जागांना माणसांची ये-जा सोसत नाही. फ्रान्समधील लास्को ही अश्मयुगीन चित्रांची गुहा प्रेक्षकांच्या श्वासामुळे चित्रे खराब होऊ लागल्याने १९६३ साली बंद करावी लागली आणि १९८३ पासून लोकांना तिची प्रतिकृती दाखवली जाऊ लागली. जिथे दोर बांधणे भाग आहे तिथे तो अवश्य बांधा, मात्र का बांधला ते त्याच्याशेजारी दोन ओळींत लिहा. कारण कळले की मुले दोराच्या अलीकडे थांबतात, हे मी पाहिले आहे.

आपल्या पुढच्या पाहणी दौऱ्यात एखाद्या पाटीपुढे उकिडवे बसून ती वाचता येते का, हे आपण स्वतः पाहावे, ही विनंती. येत्या सुट्टीत मी त्याच दरवाजापाशी पुन्हा जाणार आहे. या वेळी पाच वर्षांची धाकटी नातही बरोबर असेल. तिने स्वतः हात घालून पाहीपर्यंत अडसराबद्दल बोलायचे नाही, असे तिच्या भावाला बजावून ठेवले आहे.

कळावे.

आपली नम्र,
एक आजी