काटा बरोबर, तरी चुकारा अडला

महोदय,

मी आर्णी तालुक्यात अकरावी-बारावीला संगणक शिकवतो. गेल्या हंगामात शेजारच्या काकांनी एका खासगी खरेदी केंद्रावर तूर नेली. पहिल्या दिवशी दोन पोती, १.१ क्विंटल. दुसऱ्या दिवशी चार पोती, २.२ क्विंटल. पावतीवर एकूण ३.३. संगणकानं मात्र ‘वजन जुळत नाही’ म्हणून चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, अडवला. आठ दिवस काका एसटीनं हेलपाटे घालत होते. काकांनीच पावतीत खाडाखोड केल्याचा संशयही कुणीतरी घेतला, तो त्यांना फार लागला. "मास्तर, काटा तं बरोबर होता, मंग मशीन काहून नाही म्हणते?"

मी घरी पायथन या संगणकाच्या भाषेत १.१ अधिक २.२ बरोबर ३.३ का, असं विचारलं. उत्तर आलं, ‘फॉल्स’, म्हणजे चूक. बेरीज छापून पाहिली तर ३.३००००००००००००००३. जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषांमध्येही हेच येतं, कारण अपूर्णांक साठवायची पद्धत जवळपास सगळीकडे एकच आहे, १९८५ सालचं आयईईई ७५४ हे मानक. त्यात संख्या दोनच्या घातांत, म्हणजे अर्धा, पाव, आठवा भाग अशा तुकड्यांत मांडली जाते. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की तीन-तीन-तीन संपत नाहीत, तसाच एक दशांश या तुकड्यांत संपत नाही. चौसष्ट बिटांत, म्हणजे शून्य किंवा एकच्या चौसष्ट घरांत, मावेल अशा सर्वांत जवळच्या संख्येवर थांबावं लागतं.

आमच्या आजोबांच्या काळची मापं मात्र संगणकाला तंतोतंत जमतात. अर्धा, पाव, नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, छटाक म्हणजे सोळावा, सगळी निम्म्याची निम्मी. ०.५ अधिक ०.२५ बरोबर ०.७५ विचारलं की ‘ट्रू’, म्हणजे बरोबर, येतं. अडचण दशांशाची आहे.

त्याहून मोठा धक्का पुढे बसला. ०.१, ०.२ आणि ०.३ याच क्रमानं मिळवले तर ०.६००००००००००००००१, आणि उलट्या क्रमानं मिळवले तर नेमके ०.६. पोती तीच, आधी कोणतं चढवलं त्यावर हिशेब बदलतो! शेतकऱ्याला हे कोण समजावणार?

यावर उपाय म्हणून पायथनमध्ये ‘इजक्लोज’ नावाची सोय आहे, दोन संख्या पुरेशा जवळ आहेत का ते ती सांगते. पण तीही डोळे झाकून वापरू नये. बेरजेतून ३.३ वजा करून उरलेली बाकी शून्य आहे का, असं तिला विचारलं तर ती नाहीच म्हणते. कारण तिची सूट दोन्हींतल्या मोठ्या संख्येच्या आकारावर ठरते, आणि इथे ती मोठी संख्या म्हणजे ती चिमुकली बाकीच, म्हणून सूट तिच्याहूनही कितीतरी लहान पडते. तिथे किती फरक चालेल ते आपण वेगळं सांगावं लागतं.

माझ्या मते वजन आणि पैशासाठी याहून सोपा रस्ता आहे. क्विंटल सोडून किलोत मोजा, ११० अधिक २२० बरोबर ३३०. रुपये सोडून पैशात मोजा. पूर्ण संख्यांची तुलना चुकत नाही. काट्याला किलोच्या खालचं वजन लागत असेल तर ग्रॅम घ्या.

दोष एकट्या प्रोग्राम लिहिणाऱ्याचा नाही. आम्ही शिक्षक ‘दोन संख्या समान आहेत का’ हे प्रात्यक्षिक वर्षानुवर्षं पाच आणि सात घेऊनच करवतो. मीही तेच केलं. या वर्षापासून माझी मुलं पहिल्याच तासाला १.१ आणि २.२ घालून पाहतात, आणि हा धडा अभ्यासक्रमातही यायला हवा.

काकांचा चुकारा शेवटी नवव्या दिवशी मिळाला. केंद्रावरच्या मुलानं दोन्ही नोंदी खोडून ३.३ ची एकच नोंद केली, म्हणून. प्रोग्राम जसाच्या तसा आहे. खरेदी केंद्रांना असे प्रोग्राम पुरवणाऱ्यांनी वर दिलेले आकडे एकदा स्वतः घालून पाहावेत. यंदाची तूर काट्यावर येण्याआधी एवढं व्हावं, ही कळकळीची विनंती.

– एक संगणक शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ