हेडफोन ॲम्प्लिफायर: किंमत पाहण्याआधी हेडफोनचे आकडे पाहावेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत मागे हेडफोन ॲम्प्लिफायरची, म्हणजे हेडफोनला पुरेसा जोर देणाऱ्या यंत्राची, ओळख करून देणारा मजकूर आला होता. पाच हजारांपर्यंतचे, वीस हजारांपर्यंतचे आणि त्याच्या वरचे असे तीन गट पाडून, जसजसे पैसे वाढवाल तसतसा आवाज ‘मोकळा’ आणि ‘खोल’ होत जाईल, असा त्याचा एकूण सूर होता. मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. नोकरीभर भौतिकशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर आसपासच्या भजन मंडळांचे ध्वनिमुद्रण करण्याचा छंद लावून घेतला, त्यामुळे रोजचे दोन-तीन तास तरी हेडफोन कानावर असतो. त्या मजकुरात किमती होत्या, विशेषणे होती. पण ॲम्प्लिफायर निवडायला जे आकडे लागतात त्यांपैकी एकही नव्हता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लिहिण्याचे निमित्त घरातलेच आहे. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाने यंदा धानाचा चुकारा हाती येताच अठ्ठावीस हजारांचा टेबलावर ठेवायचा ॲम्प्लिफायर मागवला. त्याच्याकडे हेडफोन होता ऑडिओ टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा रोध, ३८ ओहम असून तो एका मिलिवॅट पॉवरला (वॅटच्या हजाराव्या भागाला) ९९ डेसिबल आवाज देतो. आता गणित करून पाहा. संगीतातला सर्वांत मोठा क्षणिक ठोका, समजा खंजिरीवरची सणसणीत थाप, ११० डेसिबलपर्यंत न्यायची ठरवली तरी या हेडफोनला साधारण १३ मिलिवॅट पुरतात, आणि त्यासाठी पाऊण व्होल्टही लागत नाही. मोबाइलला लावायचे, हेडफोनची पिन ज्यात बसते ते छोटे डोंगल हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते, आणि चांगले असले तर एक व्होल्ट देते. म्हणजे त्या पोराची गरज डोंगलवरच भागत होती, आणि वरचे सत्तावीस हजार रुपये त्याने कशासाठी मोजले, हा प्रश्न उरतो.

त्याचे म्हणणे साधे होते, की फरक ऐकू येतो. तो खोटे बोलत नव्हता. मी स्वतः ऐकले तेव्हा मलाही नवा ॲम्प्लिफायर अधिक भरदार वाटला. परंतु त्याची व्हॉल्युमची नॉब जिथे होती तिथे तो डोंगलपेक्षा मोठ्याने वाजत होता, आणि आपल्या कानाची खोड अशी, की दोन आवाजांत थोडा मोठा असलेला आवाज त्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. म्हणून आम्ही एका रविवारी दुपारी रीतसर परीक्षा घेतली. लॅपटॉपवरून २०० हर्ट्झचा एकसुरी आवाज वाजवला, हेडफोन जोडलेलाच ठेवून दोन्हींच्या जॅकवर मल्टिमीटर लावले, आणि दोन्हीकडे ०.३०० व्होल्ट दिसेपर्यंत नॉब केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवली. २०० हर्ट्झच का, तर साधी मल्टिमीटरे वरच्या फ्रिक्वेन्सीला खरे वाचन देत नाहीत. दोन्ही पातळ्यांतला फरक एक टक्क्याच्या आत, म्हणजे ०.१ डेसिबलच्या आत आणला नाही तर अशा तुलनेला काही अर्थ उरत नाही. मग मधल्या दारावर चादर टांगली. आमच्या सौभाग्यवती पलीकडे बसून नाणे उडवत, छापा आला की डोंगलला आणि काटा आला की ॲम्प्लिफायरला हेडफोनची पिन लावत आणि वहीत खूण करत. वीस वेळा ऐकून पुतण्याची अकरा उत्तरे बरोबर आली. नुसते नाणे उडवूनही तेवढी आली असती. चौदाव्या वेळी तो हेडफोन काढून म्हणाला, “काकाजी, काहीच फरक कळून नाही राह्यला जी.” मीही बसलो, माझी नऊच बरोबर आली, पण माझ्या वयाच्या कानांचा पुरावा मी कोणाला देणार नाही.

एवढ्यावरून महाग ॲम्प्लिफायर म्हणजे निव्वळ लूट, असा निष्कर्ष काढला तर तोही तितकाच चुकीचा ठरेल. हेडफोन बदलला की गणित बदलते. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. १९९७ पासून चालत आलेला हा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि एका व्होल्टला ९७ डेसिबल देतो. येथे बारकाईने वाचायला हवे, कारण काही कंपन्या हा आकडा एका व्होल्टला देतात तर काही एका मिलिवॅटला देतात. ३०० ओहममध्ये एक व्होल्ट म्हणजे सव्वातीन मिलिवॅटहून थोडे जास्त, त्यामुळे मिलिवॅटच्या हिशेबात हाच आकडा ९२ च्या आसपास उतरतो. दोन डब्यांवरचे ९७ आणि ९९ शेजारी ठेवून ‘दोघे जवळजवळ सारखेच’ असे जो म्हणेल तो फसला. एचडी ६०० ला ११० डेसिबलपर्यंत जायला साडेचार व्होल्ट हवेत, आणि ते डोंगलच्या आवाक्यात नाहीत. मात्र त्याला विजेचा प्रवाह अगदी थोडा, १५ मिलिअँपिअरच्या घरात लागतो. त्यामुळे मधल्या किमतीचा, दहा-बारा हजारांचा नीट बनवलेला ॲम्प्लिफायर त्याला मजेत चालवतो.

आता हायफायमॅनचा एचई-६ पाहा. सपाट पडद्याच्या, म्हणजे ज्याला प्लॅनर म्हणतात त्या जातीचा हा हेडफोन आहे. त्याचा इम्पिडन्स अवघा ५० ओहम. कोणालाही वाटावे की हा चालवायला सोपा असेल. पण तो एका मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल देतो. तेवढेच ११० डेसिबल गाठायचे तर त्याला साडेचारशे मिलिवॅटच्या आसपास लागतात. व्होल्टेजचा आकडा जवळजवळ एचडी ६०० इतकाच, पावणेपाचच्या जवळ. प्रवाह मात्र ९५ मिलिअँपिअर, म्हणजे सहापटीहून जास्त. विहिरीची खोली सारखी असली तरी एकीवर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप भागतो आणि दुसरीवर तीनचा बसवावा लागतो, कारण दुसरीतून दर तासाला उपसायचे पाणी जास्त आहे; तसाच हा प्रकार. शेतकऱ्याला पंप निवडताना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. तो आधी खोली आणि पाणी विचारतो, पंपाचा रंग आणि किंमत नंतर. ज्याच्याकडे असा जड हेडफोन आहे त्याने वरच्या गटातला ॲम्प्लिफायर घेतला तर ते पैसे वाया गेले, असे मी म्हणणार नाही.

पॉवरच्या आकड्यांबाबत आणखी एक गैरसमज विक्रीच्या जाहिराती जोपासतात. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे; दुप्पट पॉवरने जेमतेम ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. म्हणून एका वॅटचा ॲम्प्लिफायर सोडून दोन वॅटचा घेण्यासाठी आठ हजार वाढवणे व्यर्थ आहे. आणि वर मी जे ११० डेसिबल म्हटले ते क्षणाच्या ठोक्याचे, सलग ऐकण्याचे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे.

जास्त ताकद अडचणीचीही ठरते, हे पुतण्याच्याच टेबलावर दिसले. त्याने त्या ॲम्प्लिफायरला कानात घालायचे नाजूक इअरफोन लावले. नॉब सुरुवातीपासून जराशी सरकवली की आवाज असह्य होई, आणि त्याच्या खाली आणली की उजव्या कानातला आवाज आधी नाहीसा होई, डाव्यातला नंतर. नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात दोन्ही बाजू सारख्या चालत नाहीत, हा साध्या पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे नॉबमागच्या कमीजास्त होणाऱ्या रोधाचा, जुना दोष आहे. शिवाय गाणे थांबले की मागे बारीक सळसळ ऐकू येई. गेनचे, म्हणजे यंत्र सिग्नल किती पटींनी वाढवते ते ठरवणारे, बटण खालच्या पातळीवर केल्यावर दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. ते बटण ज्या यंत्राला नाही ते इअरफोनवाल्याने घेऊच नये. इअरफोनच्या बाबतीत यंत्राचा आउटपुट इम्पिडन्सही, म्हणजे यंत्राच्या आतला स्वतःचा रोधही, पाहावा. तो हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. बत्तीस ओहमला चार, सोळाला दोन. तो जास्त असला तर हेडफोनचा इम्पिडन्स जिथे वर-खाली होतो तिथे आवाजाचा तोलही बदलतो आणि अनेकदा खर्जाचा भाग उगाच फुगतो. हजाराच्या डोंगलमध्ये हा आकडा एक ओहमच्या आसपास असू शकतो, आणि कित्येक जुन्या भारदस्त स्टीरिओंच्या हेडफोन जॅकमागे शंभराहून अधिक ओहमचा रोध बसवलेला असतो. या बाबतीत किमतीचा क्रम उलटा लागला तर नवल नाही.

चांगल्या ॲम्प्लिफायरला फार मोठा खर्च येत नाही हे कोणी एका माणसाने सप्रमाण दाखवले असेल, तर ते २०११ मध्ये ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाचा आराखडा जगाला खुला करणाऱ्या, स्वतःचे नाव कधीही उघड न करणाऱ्या त्या अभियंत्याने. बाजारात सहज मिळणाऱ्या साध्या ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या, चिप्स, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि प्रत्येक दाव्यासोबत मोजमाप, एवढ्यावर त्याने ते यंत्र उभे केले. तेव्हाचा तो आराखडा एचडी ६०० आजही निवांत चालवतो. मी सुटे भाग नागपूरच्या सीताबर्डीवरून आणून तो एका लाकडी डबीत जुळवला आहे, आणि लोडशेडिंगच्या रात्री बॅटरीवर तोच कामी येतो.

पुरवणीतल्या मजकुरात जिचा उल्लेखही नव्हता ती गोष्ट म्हणजे आमच्याकडची वीज. पुतण्याच्या नव्या ॲम्प्लिफायरमधून पहिल्या दिवशी बारीक गुणगुण येत होती आणि त्याच्या बाहेरच्या पेटीला उलट्या बोटाने स्पर्श केला की मुंग्या येत होत्या. तो यंत्र परत पाठवायला निघाला होता. लॅपटॉपचा चार्जर काढला तशी गुणगुण थांबली. चार्जरला तीन पिना होत्या, पण भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंगची तार कुठेच जात नव्हती. परसात मीठ-कोळसा भरून अर्थिंगचा खड्डा केला, तार जोडली, आणि आवाज बंद झाला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते एवढेच. अठ्ठावीस हजारांचे यंत्र लाखाच्या यंत्राने बदलले असते तरी ती गुणगुण गेली नसती. चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर येणारी घरघर हाही त्यातलाच भाग. क्लास-ए पद्धतीचे आणि काचेच्या व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर गाणे वाजत नसतानाही सतत तापलेले असतात. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या छताखाली ते ठेवायचे कोणी?

वरच्या गटात पैसे कशाचे पडतात, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. जाड ॲल्युमिनियमची पेटी, दोन्ही बाजू शेवटपर्यंत सारख्या ठेवणारा व्हॉल्युम, चार-पाच इनपुट, रिमोट, आणि प्रत्येक कानाच्या दोन्ही तारांना सिग्नल देणारा बॅलन्स्ड जॅक. बॅलन्स्डमध्ये त्याच हेडफोनला बहुधा दुप्पट व्होल्टेज मिळते, म्हणून जड हेडफोनला त्याचा उपयोग आहे. हलक्या हेडफोनच्या आवाजात त्याने काही जादू होत नाही. या सोयी ज्याला हव्या आहेत त्याने त्यांची किंमत खुशाल द्यावी. पण वीस हजार हातात असलेल्या नव्या माणसाने विचारले तर मी त्याला सतरा-अठरा हजारांचा हेडफोन आणि उरलेल्यात डोंगल घ्यायला सांगेन. एका हेडफोनवरून दुसऱ्यावर गेल्यावर आवाज जितका बदलतो तितका दोन धड बनवलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये बदललेला मी तरी ऐकला नाही.

आपणास विनंती एवढीच, की यापुढे अशा यंत्रांची ओळख छापताना प्रत्येकापुढे ३२ आणि ३०० ओहमला मिळणारी पॉवर, आउटपुट इम्पिडन्स, आणि गेन बदलता येतो की नाही, हे छापावे. आणि हेडफोनपुढे त्याचा इम्पिडन्स व डेसिबलचा आकडा, तो व्होल्टमागे की मिलिवॅटमागे हे स्पष्ट करून द्यावा. दोन ओळींची जागा लागेल. आमच्यासारख्या गावांत यंत्र आधी ऐकून पाहायला जवळपास दुकान नसते, आणि कुरिअरने आलेला डबा परत पाठवायचा तर तालुक्याला हेलपाटे घालावे लागतात, तेव्हा छापलेला आकडा हाच आमचा आधार असतो.

पुतण्याने तो ॲम्प्लिफायर विकला नाही. माझा एचडी ६०० तो आता त्यावर लावून ऐकतो, आणि डोंगल माझ्याकडे आले आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर