अकरा सेकंदांचा पुरावा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मी देसाईगंज तालुक्यातल्या एका गावात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, धान विक्रीची नोंदणी, पोरांची स्कॉलरशिप. गावातला बहुतेक कागद माझ्या हातून जातो. म्हणून मोठेबाबांचा मानधनाचा अर्जही मीच भरला, आणि तो परत आला तेव्हाही माझ्याच हातात आला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. वय ७१. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ३८ हंगाम खलनायक. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांनी सक्त मनाई केली आहे. "नाटकवाल्यानं भीक मांगतली म्हनतीन लोक." तुमच्या योजनेच्या नावात 'सन्मान' आहे, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. ते नुसते हसले.

योजना तुम्हाला माहीतच आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहितो. राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. वय ५०च्या वर, कलेत किमान १५ वर्षं, वर्षाचं उत्पन्न ६० हजारांच्या आत. २०२४ मध्ये सरकारने आधीच्या तीन श्रेणी काढून सरसकट महिना ५,००० रुपये केले. हे चांगलं केलं. राज्यस्तराचा कलावंत आणि जिल्हास्तराचा कलावंत यांना भूक वेगवेगळी लागते, हे आम्हाला कधी पटलं नव्हतं. माझी तक्रार रकमेची नाहीच. पुराव्याची आहे.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि होळीपर्यंत नाटकं चालतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. दहाला पडदा उघडला तर तांबडं फुटेस्तोवर. कंपन्यांचं ठाणं वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज. वर्षानुवर्षं गडचिरोली जिल्ह्यातलं एकुलतं एक रेल्वे स्टेशन इथलंच, त्यामुळे नटांना, वादकांना उतरायला सोयीचं. हंगामात बाजारातले गाळे कंपन्यांचे ऑफिस होतात, पाट्या लागतात, गावांची मंडळं येऊन तारखा पक्क्या करून जातात. हा सगळा व्यवहार तोंडी. इसार हातावर ठेवला की झालं. नटाची 'नाईट', म्हणजे एका रात्रीचे पैसे, ठरते तीही तोंडीच. अपॉइंटमेंट लेटर मिळालेला नट मी अजून पाहिला नाही.

मोठेबाबा बाराव्या वर्षी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, नाचले, लुगडं नेसून. दाढी फुटली तसं लुगडं सुटलं आणि पुढे आवाज असा फुटला की गावच्या नाटकात दुसरं काही देताच येईना. माइक नव्हते तेव्हा मांडवाच्या मागे उभ्या केलेल्या बैलबंड्यांवर बसलेल्या लोकांनाही त्यांचा शब्द न् शब्द ऐकू जायचा. पण त्यांची खरी कमाई आवाजाची नव्हती, अडकित्त्याची होती. एंट्रीला ते काहीच बोलत नसत. येऊन उभे राहत, कमरेच्या बटव्यातून सुपारी काढत आणि कातरत. कट्. मग थांबत. पुन्हा कट्. तिसऱ्या कटला मांडवात बाया लेकरांना पदराखाली घेत. मी स्वतः आईच्या पदराखालून ते ऐकलेलं आहे, आणि हा माणूस सकाळी आपल्याच घरी अंगणात दात घासतो हे माहीत असूनही मला त्यांचं भ्या वाटायचं. पुढे स्टेजवर टांगते माइक आले. त्यात अडकित्ता बंदुकीसारखा वाजायला लागला, लोक हसायला लागले. मोठेबाबांनी त्याच हंगामात अडकित्ता ट्रंकेत टाकला.

एकदा ते सिनेमातही गेले. मराठी सिनेमाचं शूटिंग आमच्या बाजूला लागलं, कुणीतरी नाव सुचवलं. दोन दिवसांचं काम, एक वाक्य. पाटलाच्या माणसाचा रोल. पैसे चार नाईटांपेक्षा जास्त मिळाले, जेवण डब्यातलं. पण त्यांना ते काम आवडलं नाही. "समोर मानूसच नाई. त्या काचीले कोन घाबरवते?" असं म्हणायचे. सिनेमा आला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. ते पडद्यावर आले, पाठ फिरवली, गेले. मी नंतर मोबाइलवर मोजलं. अकरा सेकंद.

आता अर्ज. पुरावा म्हणून पत्रकं, बातम्यांची कात्रणं, फोटो, प्रमाणपत्रं जोडा, असं सांगितलं गेलं. नाटकाची पत्रकं मोठेबाबांनी एका ट्रंकेत साठवली होती. मातीच्या भिंतीला टेकून ठेवलेली ट्रंक, तळाला भोक. उघडली तर वरचे दोन कोट, टोप, अडकित्ता शाबूत आणि खाली उदईने, म्हणजे वाळवीने, केलेली माती. त्या मातीत एक कोपरा सापडला, त्यावर नाटकाचं अर्धं नाव आणि 'भव्य बैठक व्यवस्था' एवढं वाचता येतं. मी तोही स्कॅन केला.

फोटो तीन. एकात चेहऱ्यावर एवढा सफेदा की मोठीआईनेसुद्धा आधी ओळखलं नाही. वर्तमानपत्रात नाव कधी आलंच नाही, कारण पहाटे संपणाऱ्या नाटकाला बातमीदार थांबत नसे.

कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या बाबूंनी सगळं पाहिलं, वाईट वागले नाहीत. बोलता बोलता मी ती सिनेमाची क्लिप दाखवली, तसे सरसावून बसले. "अरे, हे तर चालते!" मग मोठेबाबांकडे पाहून, "पण काका, यानं एकच वर्ष सिद्ध होते. बाकीच्या चौदा वर्षांचं काय?" मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून बाहेर नळावर पाणी प्यायला गेले. ३८ वर्षं बुडाली आणि अकरा सेकंद तरले, मंत्रिमहोदय. तेही त्यांना न आवडलेले.

अर्ज 'पुरावा अपूर्ण' म्हणून परत आला.

मी मग शोधाशोध केली. पुरावा आहे, पण तुमच्या यादीत बसणारा नाही. शेजारच्या गावच्या नाट्य मंडळाची जमाखर्चाची वही सापडली, लाल कापडी बांधणीची. १९८७च्या मंडईचं पान असं आहे: नाटकपार्टी इसार ५००. गॅसबत्ती ४ नग. जेवण २२ पाने. आणि खाली, वेगळ्या शाईत, 'खलनायकास बक्षीस ११ रु., पाटील यांजकडून'. अशा नोंदी १९८३ पासून १९९९ पर्यंत, मधली दोन वर्षं सोडून. पंधरा भरतात. पण सगळीकडे 'खलनायकास'. नाव कुठेच नाही. लिहायची गरजच कुणाला वाटली नाही, कारण खलनायक कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आजही गावातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून जास्त प्रयोग त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्या दिवशी वडशात फटाके फुटले, मीही फोडले. दिल्लीला झाडीपट्टी कळली म्हणायची. पण खुण्यांच्या पाच हजार रात्रींची पत्रकं कुणी ट्रंकेतून काढायला लावली असती तर काय झालं असतं, हा विचार मला त्या कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना आला. दिल्लीला लोकांचा शब्द चालतो, मग जिल्ह्याला का नाही?

माझं मागणं एकच आहे. ज्या रंगभूमीचा व्यवहारच तोंडी चालतो तिथे ग्रामसभेचा ठराव आणि नाट्य मंडळाच्या वह्या हा पुरावा धरा. तीन वेगवेगळ्या गावांच्या ग्रामसभा म्हणत असतील की हा माणूस आमच्या मांडवात इतकी वर्षं उभा राहिला, तर तेवढं पुरे व्हावं. खोटे ठराव होतील असं कुणी म्हणेल. होतीलही एखाददोन. पण खोटी प्रमाणपत्रं कुठे छापून मिळतात हे झेरॉक्सवाल्याला विचारू नका.

आणि घाई करा. जिल्ह्याला वर्षाला शंभरच जणांची मर्यादा आहे. त्यात भजनी, कीर्तनकार, दंडारवाले, गोंडी नाचाचे लोक, सगळे आले. गडचिरोली जिल्हा सिरोंच्यापर्यंत लांब पसरला आहे. आमच्या रांगेत उभे राहणारे सत्तरीचे आहेत, रांग हळू सरकते. मोठेबाबांच्या कंपनीतले पेटीवाले मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांचा अर्ज माझ्या कॉम्प्युटरमध्ये अजून 'ड्राफ्ट' दाखवतो.

यंदाच्या मंडईला मोठेबाबा नाटकात नाहीत, गुडघे जड झालेत. पोरं त्यांना प्रॉम्प्टिंगला बसवतात. विंगेत स्टुलावर, हातात वही, पण वही उघडत नाहीत.

लाल वहीची चौदा पानं मी झेरॉक्स काढून ठेवली आहेत, दोन प्रतींत. कुठल्या टेबलावर पाठवायची तेवढं कळवावं.

आपला,
एक झेरॉक्सवाला
ता. देसाईगंज, जि. गडचिरोली