अण्णा, ते सुकाणू मी एकट्यानं केलेलं नाही

अण्णा, नमस्कार.

हे नातीकडून वाचून घ्या. मोबाइलवर डोळे बारीक करून वाचायचा तुम्हाला कंटाळा आहे, ठाऊक आहे मला. चारचौघांत लिहितोय, कारण चूकही चारचौघांतच झाली. मागच्या महिन्यात घरी पाहुणे आले होते. भिंतीला टेकवलेलं विमानाचं सुकाणू बघून एकानं विचारलं, "हे कुठं शिकलास?" मी म्हणालो, "नकाशे येतात की सोबत. बाकी व्हिडिओ बघून." तुमचं नाव तोंडातून निघालं नाही. तेव्हापासून खुपतंय.

वाचणाऱ्यांना थोडं सांगतो. झेनिथ सीएच 750 हे दोन माणसांचं हलकं विमान. हौशी माणसानं घरी बांधावं म्हणून त्याचं किट मिळतं. आराखडा क्रिस हाइंट्झ यांच्या परंपरेतला. कॉन्कॉर्डवर काम केलेले अभियंते ते. कंपनी अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या मेक्सिको नावाच्या गावात. आख्खं किट घ्यायची माझी ऐपत नाही. पण हात बसावा म्हणून ते नुसत्या सुकाणूचंही किट देतात, तेवढंच मागवलं. या विमानाच्या शेपटीला उभा स्थिर पंख नसतोच, ती उभी शेपूट आख्खीच डावी-उजवीकडं वळते. म्हणजे हेच पिळलं तर सगळंच गेलं.

आणि मी ते पिळायच्या बेतात होतो. घाईत 17 रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्या, चुकीच्या मारल्या. तुमच्या भाषेत रिपीट. त्या काढायला ड्रिल लावलं तर बिट घसरून पत्र्यावर ओरखडा. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ तो पत्रा! गाठोडं बांधून तुमच्या पत्राकामाच्या दुकानी आलो. एप्रिल होता, कूलरच्या ऑर्डरी तुंबलेल्या, दारात जस्ती पत्र्याची चळत. तुम्ही एकदाच बघितलंत आणि म्हणालात, "काय बे इंजिनेर, आत लोखंड हाय की ह्याच्या."

तेच तर होतं. रिव्हेट ॲल्युमिनियमची, पण ती बसवताना आतून ओढून तोडलेल्या खिळ्याचा पोलादी तुकडा तिच्या पोटात राहतो. बिट त्या कठीण टोकावरून निसटून मऊ धातूत शिरतं. तुम्ही कापड विणायच्या मागाची एक तुटकी सळई घासून बारीक पंच केलात, आधी पोलाद आत ठोकलंत, मग नुसतं डोकं पोखरलंत. सतराच्या सतरा निघाल्या, एकही भोक मोठं झालं नाही. मी फक्त पत्रा धरला होता.

दुसरी गोष्ट उन्हाची. पत्र्याची भोकं त्याखालच्या सांगाड्याच्या फासळ्यांशी जुळेनात, म्हणून मी कंपनीला शिव्या घालत होतो. तुम्ही विचारलंत, "पत्रा कुठं ठेवतो?" गच्चीत. "आन् फासळ्या?" जिन्याखाली. मग तुम्ही नुसते हसलात. मीटरभर ॲल्युमिनियम 20 अंशांनी जास्त तापलं की अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. सोलापूरच्या उन्हात ते वापरायचं मात्र सुचलं नाही. त्यानंतर आपण सगळी भोकं पहाटे पाडली, सगळं सामान एकाच खोलीत ठेवून.

एका बाबतीत मात्र तुम्ही माझं ऐकलंत, तेही सांगायला हवं. तुम्ही सवयीनं खुणेच्या सुईनं रेघ ओढायला निघालात, मी हात धरला. विमानाच्या पत्र्यावर ओरखडा म्हणजे पुढं तडा जायची जागा. पेन्सिलही चालत नाही, तिच्यातल्या ग्राफाइटच्या रेघेनं ॲल्युमिनियम गंजतं. तुम्ही सुई खिशात ठेवलीत आणि नातीच्या दप्तरातला मार्कर मागवलात. चाळीस वर्षं पत्रा कापणारा माणूस माझ्यासारख्या नवख्याचं ऐकतो, हे मला तुमच्या कारागिरीइतकंच मोठं वाटलं.

शेवटी दोन ओळंबे सोडून पीळ तपासला. दोन्ही दोऱ्या एका रेषेत आल्या तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, चहा मागवलात. पैसे विचारले तर म्हणालात, "उडू दे आधी."

उडायला वेळ आहे, अण्णा. पंख, इंजिन, परवानग्या, सगळं पैशावर अडलंय. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान 9 जून 2025 पासून सुरू झालं. ते डोक्यावरून गेलं की तुम्ही विचारता, "त्याला किती रिपीट असतील?" मला अजून उत्तर देता आलेलं नाही.

तुमचा तो पंच माझ्याकडंच राहिलाय, तो आणून देतो. शेपटीच्या आडव्या भागाचं किट सांगितलंय. तुमच्या कूलरची घाई सुरू झाली की तुम्ही सापडत नाही, म्हणून जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठली की लगेच येतो. मार्कर माझा मी आणेन.

तुमचा,
इंजिनेर