मँटाचा भाव छापला, माहिती राहिली

'जाळ्यात राक्षसी मासा' ही किनाऱ्यावरची बातमी मंगळवारच्या अंकात वाचली. वजन आणि लिलावाचा भाव ठळक देताना हा मासा 'विषारी' असल्याचे म्हटले आहे, त्याला माझा आक्षेप आहे. छायाचित्रातला मासा महाकाय मँटा आहे. तो पाकटांचा, म्हणजे शेपटीला विषारी नांगी असलेल्या चपट्या माशांचा, नातलग खरा, पण दंश करणारी नांगी त्याला नसते. पंखांचा पसारा ७ मीटरपर्यंत जाऊ शकतो, तरी पोट भरते ते कल्ल्यांनी गाळलेल्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर. (मँटा ही वेगळी प्रजाती न मानता शास्त्रज्ञ आता त्याला मोब्युला प्रजातीत धरतात, बातमीत हे नसते तरी चालले असते.)

न चालण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. मँटाची मादी सुमारे वर्षभराच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढचे पिल्लू व्हायला अनेकदा २ ते ५ वर्षे जातात. आमच्या पेंचमधली वाघीणसुद्धा एका वेताला दोन-तीन बछडे देते. तरी वाघ दगावला की नागपुरात पहिल्या पानावर चौकशीची मागणी होते, मँटा मेला की भाव छापला जातो! सुकवलेल्या कल्ल्यांच्या पट्ट्यांना परदेशात मागणी असल्याने त्याची शिकार वाढली. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही जात 'संकटग्रस्त' आहे. पुढच्या वेळी भावाशेजारी एवढी एक ओळ तरी द्यावी.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर