पिवळ्या गोळीवाला साहेब

सातारा,
14 ऑगस्ट

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

परवा "गोऱ्या सेनापतीचं कसलं रे कौतुक सांगतोस!" म्हणत तू फोन आपटलास. उत्तर तोंडावर होतं, पण तू ऐकून घेशील तर ना! म्हणून आता कागदावर भांडतो.

दुसऱ्या महायुद्धात बर्मात जपान्यांशी लढलेला आपला हा सेनापती, विल्यम स्लिम, काही लॉर्डाचा पोरगा नव्हे. बाप लोखंडी सामानाचा व्यापारी, धंदा बसलेला. पोराने बर्मिंगहॅमच्या प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, मग नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी. विद्यापीठात शिकत नसताना तिथल्या लष्करी प्रशिक्षण पथकात मात्र शिरला, आणि 1914 साली महायुद्ध पेटल्यावर अधिकारी झाला. गॅलिपोलीत गोळी खाल्ली, मेसोपोटेमियात पुन्हा. ब्रिटिश पलटणीत घरचा पैसा असल्याशिवाय अधिकाऱ्याचं भागत नसे, म्हणून हा हिंदुस्थानी फौजेत, सहाव्या गुरखा रायफल्समध्ये आला. तिथेही ओढाताण. मग वरकमाईसाठी अँथनी मिल्स या नावाने गोष्टी लिहायचा. 'स्लिम' उलटं वाचून बघ!

मार्च 1942 मध्ये बर्मातल्या लढत्या कोअरची, म्हणजे दोन-तीन डिव्हिजनच्या फौजेची, सूत्रं त्याच्या हाती आली, तीही हरत असताना. 900 मैलांची माघार. मे महिन्यात पाऊस लागता लागता माणसं इंफाळला पोचली. फाटकी, तापाने फणफणलेली, पण बंदुका खांद्यावर. तिथे त्यांचं स्वागत काय, तर भिजलेल्या डोंगरउतारावर, झाडाखाली झोपा!

आता माझ्या आवडीचा भाग. तीस वर्षं एसटीच्या भांडारात काढलेला माणूस मी, मला लढाईपेक्षा पुरवठा आधी दिसतो. 1943 मध्ये त्या आघाडीवर जखमी होऊन मागे पाठवलेल्या एका माणसामागे आजारी म्हणून मागे येणारे 120 होते. म्हणजे जपान्यांपेक्षा डास भारी! हिवतापावर मेपाक्रिनची पिवळी गोळी होती, पण शिपाई घ्यायचे नाहीत. कातडी पिवळी पडते, शिवाय पुरुषत्व जातं अशी आवई. स्लिमने काय केलं? अचानक एखादी पलटण गाठून प्रत्येकाची तपासणी. शंभरातल्या किमान 95 जणांच्या अंगात औषध सापडलं नाही तर पलटणीचा प्रमुख घरी. असे तिघेच काढावे लागले, बाकीच्यांना अक्कल आपोआप आली. आमच्या आजोबांचे चुलतभाऊ मराठा पलटणीतून तिकडे होते. ते सांगायचे, गोळी गिळली की साहेबापुढे तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. लहानपणी आम्हाला वाटायचं, म्हातारा थापा मारतोय.

दुसरं, छत्र्या. जंगलात वेढलेल्या तुकड्यांना विमानातून रसद टाकायची, तर पॅराशूट पुरेनात. स्लिमने कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना गाठलं आणि गोणपाटाच्या जातीची पॅराशूटं करून घेतली. माणसाला नाही चालायची, पण पिठाच्या पोत्याला झकास. किंमत नेहमीच्या पॅराशूटच्या पासंगालाही नाही. अशी खरेदी मला एकदा तरी जमली असती ना, तर निवृत्तीच्या दिवशी हार जरा जाड मिळाला असता.

चुका? केल्या की. 1940 मध्ये सुदानच्या सीमेवर गल्लाबातला कच खाल्ली. 1944 मध्ये तर दोन मोठ्या. इंफाळच्या दक्षिणेकडची सतरावी डिव्हिजन वेळेवर मागे घेतली नाही, आणि कोहिमावर जपान्यांची फार तर एक ब्रिगेड येईल असं धरलं, आली अख्खी डिव्हिजन. ती जरा तरी उशिरा पोचली, ते सांगशाकमुळे. मार्चअखेरीस पॅराशूट ब्रिगेड आणि आपली चौथी मराठा बटालियन त्या टेकडीवर अडकली होती. काटेरी तारा नाहीत, पाणी थेंबथेंब. चार-पाच दिवस तरी टिकाव धरला. 1956 साली आठवणी लिहिताना स्लिमने या चुका स्वतःच्या नावावर मांडल्या, हाताखालच्यांच्या खाती ढकलल्या नाहीत. भांडारात तूट आली की ती कोणाच्या नावावर चढते, हे मी तुला सांगायला नको.

मार्च 1945 मध्ये मेइक्तिला आणि मंडाले घेतलं, मे मध्ये रंगून. आणि लगेच वरिष्ठ लीझ म्हणतो, तुमची बदली! विजयी सेनापतीला बाजूला सारायचा डाव. फौजेत इतका गदारोळ झाला की शेवटी लीझच गेला आणि त्याच्या खुर्चीत स्लिम बसला. हे वाचून मी एकटाच हसलो, बायको म्हणाली, काय झालं? 1948 मध्ये तो ब्रिटिश सेनेचा सर्वोच्च प्रमुख झाला, हिंदुस्थानी फौजेतून त्या जागी गेलेला पहिलाच. पुढे ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल. ब्रिटनमधून तिथे पाठवलेल्या मुलांच्या शाळेतल्या काहींनी त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यावर वाईट आरोप केले. माणूस उत्तर द्यायला नाही, कोर्टात काही ठरलेलं नाही, पण ते वाचल्यापासून माझं कौतुक पूर्वीइतकं मोकळं राहिलेलं नाही, हेही तुला कबूल करतो.

असो. एक काम कर. त्या चुलतआजोबांचं 'बर्मा स्टार' पदक ट्रंकेत सापडलं, पण फीत उंदरांनी खाल्ली. तुझ्या बेळगावच्या कॅम्पात पदकांच्या फिती मिळतात का बघ. मधे रुंद तांबडा पट्टा, दोन्ही बाजूंना निळा, आणि निळ्यात नारिंगी रेघ. वीतभर पुरे. पैसे मी दिवाळीत आलो की देईन, कुंदा मात्र तुझा.

तुझा,
अरविंद