मोटर टिकते हो, बेअरिंगचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

ईव्ही घ्यायची म्हटलं की सगळे बॅटरीचंच विचारतात, मोटर किती वर्षं चालेल हे कोणी विचारतच नाही. मी भोसरीत बरीच वर्षं मोटर रिवाइंडिंग करतोय म्हणून बोलतो. मोटरमध्ये फिरणारा भाग म्हणजे रोटर आणि त्याची बेअरिंग, बस, पेट्रोल इंजिनासारखे पिस्टन, व्हॉल्व्ह काही नाही, त्यामुळे ती सहज लाखो किलोमीटर जाते. मारते ती उष्णता! वाइंडिंग (मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी) ठरलेल्या तापमानापेक्षा १० डिग्री जास्त तापत राहिलं तर तारेवरच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा आमच्या धंद्यातला जुना हिशोब आहे. दुसरं म्हणजे इन्व्हर्टरमुळे (घरातला नव्हे, गाडीत बॅटरीचा डीसी करंट मोटरसाठी एसी करणारा भाग) शाफ्टमध्ये, म्हणजे रोटरच्या दांड्यात, येणारा करंट बेअरिंगमधून जातो आणि आत बारीक रेघा पडतात, मग घुंईऽऽ आवाज सुरू.

आता बघा, आपल्याकडे बऱ्याच ईव्ही कारच्या बॅटरीला नि मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी असते, पण प्रायव्हेट गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं. मधली ७ वर्षं? शेजाऱ्याच्या स्कूटरचं फक्त बेअरिंग वाजत होतं तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणे अख्खी मोटर बदला, बेअरिंग सुटं मिळत नाही. (मी बाजारातून आणून बसवलं, चालतीये अजून.) कंपन्यांनी सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती आमच्यासारख्यांना द्यायला काय हरकत आहे?

– एक रिवाइंडिंगवाला, भोसरी